तारेला पीळ देणारा : अलेक्झांडर ग्रॅहम बेल

टेलिफोनचा शोध कोणी लावला, असे चौथीतल्या मुलाला विचारले तरी तो ग्रॅहम बेलचे नाव सांगेल. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हा माणूस एका ओळीत संपतो. मीही त्याला तेवढाच ओळखत होतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; जमाखर्च, ताळेबंद आणि आयकर यांच्यापलीकडे विज्ञानाशी माझे फारसे कर्तव्य नव्हते. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीचा माग काढत मी या माणसापाशी जाऊन पोचलो. त्याची हकीकत वाचकांना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

फीच्या पैशांची थोडी सोय व्हावी म्हणून सुटीत मी बेळगावातल्या एका अण्णांच्या हाताखाली काम धरले होते. कचेऱ्या, दुकाने, दवाखाने यांतले संगणक एकमेकांना जोडण्यासाठी तारा ओढून देणे हा त्यांचा व्यवसाय. अण्णा मूळचे धारवाडकडचे. माझ्याशी मराठीत बोलत, रागावले की कन्नडवर येत. मला दोन्ही भाषा कळत असल्यामुळे त्यांच्या रागातून सुटका नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला हत्यारांची ओळख करून दिली. वायरची साल सोलायची पाती, तार भिंतीवरच्या खोबणीत दाबून बसवायचे पंच टूल, टोकाला प्लग बसवायचा क्रिंपर आणि शेवटी वायर बरोबर झाली की नाही हे सांगणारा टेस्टर. स्विच म्हणजे एका जागेतल्या संगणकांचा निरोप ज्याचा त्याला पोचवणारी पेटी, आणि राउटर म्हणजे एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाण्याचा नाका, हेही तेव्हाच समजले.

या कामातली वायर वरून एकच दिसते, पण आत आठ बारीक तारा असतात. नारिंगी, हिरवा, निळा आणि तपकिरी अशा चार रंगांच्या, आणि प्रत्येक रंगाबरोबर त्याच रंगाची रेघ असलेली एक पांढरी. अशा या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती वेणीसारख्या वळलेल्या. प्लग बसवताना त्या सोडवून एका ठराविक क्रमाने लावाव्या लागतात. मला तो क्रम पाठ होईना. शेवटी मी माझ्यापुरता एक सोपा नियम केला : जोडीशेजारी जोडी लावायची आणि दोन्ही टोकांना क्रम सारखा ठेवायचा. तार इकडून निघून तिकडे त्याच जागी पोचली म्हणजे झाले, रंग कुठलाही असो!

एका कचेरीत मी अशी सुमारे ऐंशी मीटर लांबीची वायर तयार केली. टेस्टर लावला. एकापाठोपाठ आठही हिरवे दिवे लागले. मी खूष झालो. पण संगणक जोडल्यावर मोठी फाइल अर्ध्यावर अडकू लागली, जोडणी मध्येच तुटू लागली. दोन तास डोके खाजवूनही दोष सापडेना. संध्याकाळी अण्णा आले, त्यांनी प्लग डोळ्यांजवळ धरून रंग पाहिले आणि काही न बोलता दोन्ही टोके कातरून टाकली. मग मला समोर बसवून समजावले. प्लगमधले तिसरे आणि सहावे स्थान एकाच जोडीला द्यायचे असते. माझ्या सोप्या नियमामुळे तिसऱ्या जागी हिरव्या रेघेची पांढरी तार आणि सहाव्या जागी निळी तार आली होती. दोघींची जोडी वेगळी, दोघींचा पीळ वेगळा. टेस्टर फक्त तार पोचली की नाही एवढे पाहतो. ती वाटेत कोणाबरोबर चालली हे त्याला कळत नाही.

तारेला पीळ कशासाठी, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. ही वेणी प्रथम कोणी घातली हे अण्णांनाही सांगता आले नाही. सुटी संपल्यावर ग्रंथालयात बसून मी शोध घेतला तेव्हा उत्तर मिळाले : अलेक्झांडर ग्रॅहम बेल, १८८१.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरी झाला. घराण्याचा धंदाच मुळी वाणीचा. आजोबा शुद्ध उच्चार शिकवीत, वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल हेही तेच शिकवीत. वडिलांनी एक नवी लिपी तयार करून १८६७ मध्ये प्रसिद्ध केली. कोणताही ध्वनी उच्चारताना जीभ, ओठ आणि घसा कोठे असतात हे या लिपीच्या चिन्हांतूनच दिसे, म्हणून तिला त्यांनी दृश्य वाणी असे नाव दिले होते. आपली वर्णमाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आहे हे आपण शाळेत शिकतो. त्यामुळे या कल्पनेचे आपल्याला फारसे नवल वाटू नये. त्या देशात मात्र ती अपूर्व होती. वडील सभेत लोकांना कोणताही चमत्कारिक आवाज करायला सांगत, तो या लिपीत लिहून घेत, आणि तो आवाज ज्याने ऐकलेलाही नाही अशा मुलाला बाहेरून बोलावून तो कागद वाचायला देत. मुलगा हुबेहूब तोच आवाज काढी.

ज्या घरात वाणीची अशी पूजा, त्या घरातली आईच ऐकण्याला पारखी होत चालली होती. एलायझा बेल यांची श्रवणशक्ती फार मंद होती. घरात चारचौघे बोलत बसले की लहानगा अलेक्झांडर आईजवळ बसे आणि बोटांनी अक्षरे करून तिच्यापर्यंत संभाषण पोचवी. कधी तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खोल, संथ आवाजात बोले, म्हणजे त्या कंपनांवरून तिला शब्द उमगत. आवाज म्हणजे कंप, आणि तो कानावाचूनही पोचू शकतो, हा धडा त्याने पुस्तकातून नव्हे, आईच्या कपाळातून घेतला. ही बोटांची अक्षरे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. शेवटी त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

तरुणपणी या घरावर मोठा आघात झाला. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ मध्ये क्षयाने गेला, आणि थोरला मेलव्हिल १८७० मध्ये त्याच रोगाने गेला. तीन मुलांतला एक उरला, आणि त्याचीही प्रकृती तोळामासा. आईवडिलांनी जमलेला धंदा आणि घर मोडले आणि त्याच वर्षी मुलाला घेऊन ते कॅनडात ब्रँटफर्ड या गावी गेले. तेथल्या हवेने मुलगा वाचला. १८७१ मध्ये तो अमेरिकेत बोस्टनला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवू लागला आणि १८७३ मध्ये बोस्टन विद्यापीठात वाणीच्या शरीरशास्त्राचा प्राध्यापक झाला. पुढे जगाने त्याला संशोधक म्हटले, तरी आपला खरा व्यवसाय बहिऱ्यांना शिकवणे हाच आहे, असे तो जन्मभर मानीत असे.

विजेकडे तो वळला तो एका गैरसमजातून, आणि ही गोष्ट मला फार दिलासा देऊन गेली. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विजेच्या साहाय्याने नादकाटे कंपित ठेवून स्वरांचे आवाज निर्माण केले होते. बेलला जर्मन धड येत नव्हते. आकृत्या पाहून त्याची समजूत झाली की हेल्महोल्ट्झने स्वर तारेतून एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवले. स्वर जातात तर व्यंजने का जाऊ नयेत, असे म्हणून तो कामाला लागला. जर्मन नीट येत असते तर कदाचित तो या वाटेला गेलाही नसता. इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडले की पहिल्या परिच्छेदातच अडखळणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने ही हकीकत दोनदा वाचली, यात नवल नाही.

त्या काळी तारायंत्राच्या कंपन्यांपुढे मोठा प्रश्न होता तो खर्चाचा. एका तारेतून एका वेळी मोजकेच संदेश जात. जास्त संदेशांना जास्त तारा, जास्त खांब. एकाच तारेवर वेगवेगळ्या सुरांत अनेक संदेश एकदम पाठवता आले तर? बेल या खटपटीला लागला. थॉमस सँडर्स आणि गार्डिनर हबर्ड या दोघांनी त्याला भांडवल पुरवले. दोघांचीही मुले बहिरी आणि बेलची विद्यार्थी होती : सँडर्सचा लहान मुलगा जॉर्ज आणि हबर्डची मुलगी मेबल. हबर्ड हा व्यवहारी वकील. त्याला तारायंत्राच्या सुधारणेत पैसा दिसत होता. बोलणाऱ्या तारेचे बेलचे वेड त्याला मुळीच पसंत नव्हते. बेलची मात्र शिकवण्या बुडाल्या, पैसा आटला, आणि विजेचे ज्ञानही बेताचेच होते. १८७५ मध्ये त्याने वॉशिंग्टनला वृद्ध शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांची गाठ घेतली आणि या कामाला लागणारे विजेचे ज्ञान आपल्यापाशी नाही अशी कबुली दिली. हेन्रींनी सहानुभूतीचे लांबलचक भाषण केले नाही. नसेल तर मिळव, एवढाच त्यांच्या उत्तराचा अर्थ होता. बेल परत फिरला आणि त्याने काम सोडले नाही.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. २ जून १८७५ रोजी त्याचा मदतनीस थॉमस वॉटसन याने एका खोलीत अडकलेली पोलादी पट्टी बोटाने छेडली आणि दुसऱ्या खोलीत बेलला तिचा झंकार तारेतून ऐकू आला. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी त्याचा पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या संशोधकाचीही तशाच यंत्राची नोंद त्याच कचेरीत दाखल झाली. ७ मार्चला बेलला पेटंट मिळाले आणि १० मार्चला बोस्टनच्या एका घरात वॉटसनने तारेतून बेलची हाक शब्दन् शब्द ऐकली. यावरून जे वाद उठले ते आजही पूर्ण मिटलेले नाहीत. अंतोनियो मेउच्ची या गरीब इटालियन गृहस्थाने १८७१ मध्येच आपल्या बोलत्या यंत्राची नोंद केली होती, पण १८७४ नंतर ती त्याला चालू ठेवता आली नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून त्याच्या कामाचा गौरव केला. न्यायालयांत मात्र बेलच जिंकत गेला. सुमारे सहाशे दावे झाले आणि १८८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निकाल त्याच्याच बाजूने दिला.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला यातली दोन प्रकरणे विशेष वाटली. पहिले म्हणजे १८७७ च्या जुलैत बेल टेलिफोन कंपनी स्थापन झाली तेव्हा यंत्रे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची, असे हबर्डने ठरवले. विकलेल्या यंत्राचे पैसे एकदा येतात, भाडे दरवर्षी येते. या एका निर्णयावर पुढचे प्रचंड साम्राज्य उभे राहिले. दुसरे म्हणजे त्याच महिन्यात बेलचे मेबलशी लग्न झाले आणि आपल्या १५०७ भागांपैकी अवघे दहा स्वतःकडे ठेवून बाकी सारे त्याने लग्नाची भेट म्हणून तिच्या नावे केले. मेबल त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. पाचव्या वर्षी तापात तिचे कान गेले होते. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणे ओळखे आणि स्वतः तोंडाने बोले. व्यवहार तीच पाही. बेलला हिशेबाचा कंटाळा होता, आणि पुढच्या काही वर्षांत तो कंपनीच्या कारभारातून बाहेरही पडला.

आता माझ्या वायरकडे येतो. टेलिफोन निघाला तेव्हा त्याला स्वतःच्या तारा नव्हत्या. तारायंत्राची जी पद्धत होती तीच उचलली गेली : खांबांवरून एकच लोखंडी तार न्यायची आणि परतीची वाट जमिनीतून द्यायची. खर्च निम्मा. तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टला ही व्यवस्था पुरत असे. पण टेलिफोनचा कान फार नाजूक. शेजारच्या तारेवरून तारायंत्राचा संदेश चालला की त्याची कडकड टेलिफोनमध्ये ऐकू येई. दुसऱ्याचे बोलणे आपल्या तारेत मिसळे. कारण असे की एका तारेतल्या विजेत चढउतार झाला की तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र हलते आणि शेजारच्या तारेत तिची नको असलेली वीज उत्पन्न होते.

१८८१ मध्ये बेलने पेटंट घेतलेला उपाय दिसायला अगदी साधा आहे. जमिनीचा भरवसा सोडायचा. जायला एक तार, यायला दुसरी, आणि दोन्ही एकमेकींभोवती वळायच्या. नुसत्या शेजारी ठेवल्या तर बाहेरच्या गोंगाटाला एक तार थोडी जवळ आणि दुसरी थोडी लांब राहते. एकीवर त्याचा परिणाम जास्त, दुसरीवर कमी, आणि तेवढा फरक कानाला ऐकू येतो. पीळ दिला की या वळणावर एक जवळ, पुढच्या वळणावर दुसरी जवळ. सबंध वाट चालून झाल्यावर दोघींच्या वाट्याला गोंगाट सारखाच येतो. ऐकणारे यंत्र दोन तारांतला फक्त फरक ओळखते. गोंगाट दोघींत सारखा असल्यामुळे वजाबाकीत शून्य होतो. बोलणे मात्र एका तारेतून जाते आणि दुसरीतून परतते, म्हणून ते शिल्लक राहते. जमा आणि खर्च दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम चुकून पडली तर शिल्लक बिघडत नाही, तसेच हे!

खर्च दुप्पट म्हणून ही पद्धत सर्वत्र लगेच आली नाही. पण शहरांतून विजेच्या ट्राम आणि दिव्यांच्या तारा आल्या आणि एकेरी तारेवर बोलणे अशक्य होऊ लागले, तेव्हा त्या शतकाच्या अखेरीस कंपन्यांना दोन तारांकडे वळणे भाग पडले. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे १८८२ मध्ये सुरू झाली. आजच्या संगणकाच्या वायरीत हीच वेणी चार जोड्यांना आहे, आणि जोड्यांनी एकमेकींत लुडबूड करू नये म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ कमीजास्त ठेवलेला असतो. प्लग बसवताना गरजेपेक्षा जास्त पीळ सोडायचा नाही, साधारण अर्ध्या इंचाच्या आत आवरायचे, असे अण्णा का बजावत होते तेही आता कळले. मी हिरवीची जोडीदारीण तोडून तिला निळीबरोबर पाठवली. दोघी वेगवेगळ्या वळणांनी गेल्या, दोघींवर गोंगाट वेगवेगळा पडला आणि वजाबाकी चुकली.

संगणकाच्या जाळ्यातली दुसरी वाट म्हणजे प्रकाशाची, आणि तिची पहिली पायरीही बेलचीच. १८८० मध्ये त्याने चार्ल्स सम्नर टेंटर या सहकाऱ्याबरोबर सूर्यकिरणावरून बोलणे पाठवले. आवाजाने कापणाऱ्या पातळ आरशावरून किरण परावर्तित करायचा आणि लांब सेलेनियमच्या घटावर तो झेलून पुन्हा आवाज करायचा. वॉशिंग्टनमध्ये सुमारे २१३ मीटर अंतरावर ते बोलणे ऐकू गेले. टेलिफोनपेक्षाही हा आपला मोठा शोध, असे बेल मानी. ढग आला की बोलणे बंद, म्हणून तो व्यवहारात टिकला नाही. किरणाला सुरक्षित वाट देणारा, लांबवर चालणारा काचेचा तंतू यायला १९७० साल उजाडावे लागले.

१८८१ चा उन्हाळा बेलला फार जड गेला. २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात कोठे रुतली ते डॉक्टरांना सापडेना. बेलने दोन वेटोळी एकमेकांचा परिणाम खोडून काढतील अशी जुळवून एक यंत्र केले; जवळ धातू आला की तो तोल बिघडे आणि टेलिफोनमध्ये आवाज येई. विचार तोच, वजाबाकीचा. पण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि मुख्य डॉक्टरने उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, बेलचा मुलगा एडवर्ड अपुऱ्या दिवसांचा जन्मला आणि श्वास न घेता आल्यामुळे त्याच दिवशी गेला. बेलने त्या दुःखात श्वासोच्छ्वासाला मदत करणारे एक धातूचे जाकीट बनवले. हातात हत्यार घेणे हीच त्याची शोक करण्याची रीत असावी.

इथपर्यंत मी या माणसाच्या प्रेमात पडलो होतो. पण पुढचे वाचले आणि थबकलो. बहिऱ्या लोकांची स्वतःची एक भाषा असते, हातांची खुणांची. तिला व्याकरण आहे, विनोद आहे, भांडणे आहेत. बेलचे मत असे की बहिऱ्या मुलांना ही भाषा शाळेत शिकवू नये; त्यांनी ओठ वाचावेत आणि तोंडानेच बोलावे, म्हणजे ती समाजात मिसळतील. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही हेच ठरवले. १८८३ मध्ये बेलने अमेरिकेच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. बहिऱ्यांनी बहिऱ्यांशीच लग्ने केली तर माणसांची एक बहिरी जातच निर्माण होईल, अशी भीती त्यात होती. कायद्याने लग्ने बंद करणे त्याला व्यवहार्य वाटले नाही. पण त्यांच्या वेगळ्या निवासी शाळा, खुणांची भाषा आणि बहिरे शिक्षक ही तिन्ही कमी करावीत, असे त्याने सुचवले. त्याच्या नावाचे वजन मोठे. अनेक शाळांतून बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. हाताने बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या.

त्याला विरोध करणारा एडवर्ड माइनर गॅलॉडेट हाही काही परका नव्हता. वॉशिंग्टनच्या बहिऱ्यांच्या महाविद्यालयाचा तो प्रमुख, आणि त्याचीही आई बहिरी. दोघांनी आईवर सारखेच प्रेम केले. गॅलॉडेटची आई खुणांनी बोलत असे, म्हणून त्याला ती भाषा वाटली. बेलला ती भिंत वाटली. बेल दुष्ट होता असे मला वाटत नाही. मेबलसारखी मुलगी बोलायला शिकू शकते, तर सगळीच शिकतील, असा त्याचा हिशेब होता. पण मेबल पाच वर्षे ऐकून, बोलून मग बहिरी झाली होती. जन्मतः बहिऱ्या मुलाचे तसे नसते. एका टोकाला दिवा लागला म्हणजे वायर बरोबर झाली असे मीही समजलो होतो! आयुष्यभर बहिऱ्यांत वावरलेल्या बेलने त्यांचे म्हणणे मात्र पुरतेपणी ऐकले नाही. आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. माणसाच्या पिळाबद्दल ते किती खरे आहे!

मला हे इतके का लागले ते सांगतो. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. तास इंग्रजीत चालत. प्रश्न मनात मराठीत उभा राही आणि इंग्रजीत नेईपर्यंत तास संपून जाई. माझ्या गप्प राहण्याला काहीजण मठ्ठपणा समजले, आणि हळूहळू मीही तसेच समजू लागलो. पिळाचे तत्त्व अण्णांनी अर्ध्या तासात सांगितले ते अर्धे मराठीत आणि अर्धे कन्नडमध्ये, आणि ते एकदाच ऐकून पक्के बसले. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. ते मी शिकतोच आहे, आणि बेलवरची निम्मी माहिती इंग्रजी पुस्तकांतूनच मिळवली. पण ज्या भाषेत मूल विचार करते तिला दाराबाहेर उभे करून त्याला शहाणे करता येईल, हा हिशेब चुकीचा आहे. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे भरलेल्या त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारून झाल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. एकशेतीस वर्षे लागली. भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाली.

बेलचे उत्तरायुष्य कॅनडातील नोव्हा स्कोशियात बॅडेक गावाजवळच्या घरी गेले. तेथे त्याने पतंग आणि विमाने यांवर काम केले. त्याच्या मंडळींनी बांधलेले सिल्व्हर डार्ट हे विमान २३ फेब्रुवारी १९०९ रोजी गोठलेल्या उपसागरावरून उडाले. पाण्यावर उचलून धावणाऱ्या त्याच्या होडीने १९१९ मध्ये ताशी सत्तर मैलांहून अधिक वेग गाठला. हेलन केलर लहान असताना तिच्या वडिलांना योग्य शिक्षिकेची वाट दाखवणारा बेलच होता, आणि ती त्याची जन्माची स्नेही झाली. या उपकाराची नोंदही दुसऱ्या बाजूला करायलाच हवी.

२ ऑगस्ट १९२२ रोजी त्याच घरी तो वारला. ४ तारखेला दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. त्याच्या चरित्रांत शेवटच्या क्षणाची हकीकत अशी दिली आहे : मेबल त्याचा हात धरून बसली होती. आपल्याला सोडून जाऊ नकोस, असे तिने हळूच म्हटले. त्याच्यात बोलण्याची शक्ती उरली नव्हती. त्याने बोटांनी तिच्या हातात नकाराची खूण केली, आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. ज्या बोटांनी लहानपणी आईशी बोलला, त्याच बोटांनी तो शेवटचे बोलला.

आता सुटीत कामावर गेलो की मी रंगांचा क्रम चुकत नाही. आठही दिवे लागले तरी प्लग एकदा डोळ्यांजवळ धरून पाहतो. आणि या वर्षी वर्गात पहिला प्रश्न विचारला. अर्धा मराठीत होता. सरांनी तो ऐकून घेतला.